बंदोबस्त कोणाचा आणि कोणासाठी?

राज्यकर्त्याचे पहिले कर्तव्य कोणते, असे विचारले तर जुन्या नीतिकारांपासून अर्वाचीन राजनीतिज्ञांपर्यंत सर्वांचे उत्तर एकच येईल : प्रजेच्या जीविताचे आणि वित्ताचे रक्षण. वाटसरूने रात्री निर्धास्त झोपावे, व्यापाऱ्याचा माल एका पेठेतून दुसऱ्या पेठेत सुखरूप पोचावा, शेतकऱ्याने पेरलेले त्याच्याच खळ्यावर यावे, एवढे जेथे घडते त्याला आपण राज्य म्हणतो. परंतु ह्या कर्तव्याला लागूनच एक दुसरा प्रश्न उभा असतो, आणि त्याचा विचार फारसा होत नाही. प्रजेला भय कोणापासून आहे, हे ठरवायचे कोणी? राज्य बलाढ्य असेल तर हा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेला असतो. एखादे छोटे राज्य मोठ्या सत्तेच्या सावलीत नांदत असेल तर मात्र शत्रू कोण हे बाहेर ठरते, आणि त्याला पकडण्याचे काम घरच्या शिपायावर येते. दहशतवाद हा शब्द आपल्या भाषेत तसा नवा आहे. ही परिस्थिती फार जुनी आहे. तिचा माग काढण्यासाठी मी आज आपणांस दक्षिणेतील एका रस्त्यावर नेणार आहे.

बंगळूरच्या आग्नेयेस आनेकल हे तालुक्याचे गाव आहे आणि त्याच्या पलीकडे होसूर. आज आनेकल कर्नाटकात आहे, होसूर तमिळनाडूत. ही सीमारेषा भाषावार प्रांतरचनेने प्रथम आखली असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ती त्याहून जुनी आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान लढता लढता मारला गेला, आणि त्याच्या मुलखाची वाटणी झाली. त्या वाटणीत होसूर इंग्रजांच्या कंपनीकडे गेले आणि आनेकल म्हैसूरच्या नव्या संस्थानात राहिले. सीमेवरच्या तालुक्याचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक असते की, अशी रेघ कागदावर ठळक असली तरी वाटमाऱ्याला ती अडवीत नाही; अडवते ती त्याच्या पाठीमागे धावणाऱ्या शिपायाला.

त्याच १७९९ साली, श्रीरंगपट्टण पडल्यानंतर थोड्याच काळात, बंगळूरच्या आसपास सुमारे शंभर माणसे वाटमारीच्या आरोपावरून पकडण्यात आली. हे साधे दरोडेखोर नव्हेत, वाटसरूंशी गोड बोलून त्यांच्या गळ्याला फास लावणाऱ्या टोळ्यांतील आहेत, अशी शंका त्या वेळी कोणासही आली नाही. दक्षिणेत अशा लोकांस फासेगार म्हणत. उत्तरेत ठग म्हणत. १८०७ मध्ये चित्तूर आणि अर्काट यांच्या दरम्यान काही फासेगार सापडले, तेव्हा कुठे कंपनीच्या अधिकाऱ्यांचे लक्ष तिकडे गेले. पुढे रिचर्ड शेरवुड नावाच्या मद्रासच्या एका शल्यवैद्याने १८१६ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. त्या लेखातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. हैदरअलीने ह्या लोकांचा तडकाफडकी निकाल लावला, टिपूच्या काळात कोणाला सक्तमजुरी मिळाली तर कोणाचे हातपाय तोडले गेले, आणि बॅरी क्लोज हे म्हैसूरचे रेसिडेंट असताना दिवाण पूर्णय्या यांनी वाटमारीला देहान्ताची शिक्षा ठरविली, असे शेरवुड सांगतो.

ह्या तीन वाक्यांत एका राज्याचे स्थित्यंतर आले आहे. हैदर आणि टिपू यांचा बंदोबस्त क्रूर असेल. परंतु तो त्यांचा होता. पूर्णय्यांच्या हुकुमाचा काळ मात्र रेसिडेंटाच्या कारकीर्दीवरून सांगितला जातो. महाराज तेव्हा पाच वर्षांचे बालक होते, संस्थान कंपनीला तैनाती फौजेसाठी वर्षाला सात लाख होनांची खंडणी देणे लागत होते, आणि राज्यात शांतता नसेल तर ती खंडणी वसूल होणार नव्हती. पूर्णय्या हे असामान्य कर्तबगार कारभारी. टिपूच्या दरबारातही ते होते आणि टिपूच्या पाडावानंतरही राज्याचा गाडा त्यांनीच ओढला. रस्ते निर्धास्त व्हावेत ही त्यांचीही इच्छा होती आणि प्रजेचीही. म्हणून येथे परक्यांनी काही जुलमाने लादले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. बाहेरच्याचे हित आणि घरच्याचे हित ह्या ठिकाणी एकत्र आले होते. कठीण प्रसंग उद्भवतो तो ही दोन हिते वेगळी होऊ लागतात तेव्हा.

हेच बॅरी क्लोज पुढे पुण्यास रेसिडेंट म्हणून आले आणि १८०२ च्या अखेरीस वसईचा तह त्यांनीच घडवून आणला. त्यानंतर पंधरा वर्षांनी महाराष्ट्राच्या आणि माळव्याच्या राजकारणात पेंढाऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. पेंढाऱ्यांनी मुलूख उजाड केला होता यात संशय नाही. त्यांचा उपद्रव खरा होता. गावेच्या गावे त्यांच्या धाडींनी ओस पडत. तथापि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दौलतराव शिंदे यांच्याशी ग्वाल्हेरचा जो तह झाला तो वाचला म्हणजे पेंढाऱ्यांच्या नावाखाली आणखी काय काय घडू शकते ते दिसते. शिंद्यांनी पेंढाऱ्यांविरुद्ध पाच हजार घोडेस्वार द्यावयाचे, मोहिमेपुरते अशीरगड आणि हंडिया हे किल्ले कंपनीच्या स्वाधीन करावयाचे, आणि राजपूत संस्थानांशी कंपनीने परस्पर करार करू नयेत असे जे आधीच्या तहाने बांधून घेतले होते ते आता रद्द समजावयाचे. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त आणि उदेपूर, जोधपूर, कोटा यांच्याशी करार करण्याची मोकळीक यांचा परस्परांशी संबंध काय? एकाच कागदावर लिहिले होते, एवढाच! वर्ष उलटण्याच्या सुमारास ते सारे दरबार कंपनीच्या छत्राखाली गेले. मोहिमेपुरता मागितलेला अशीरगड १८१९ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी वेढा घालून घेतला, आणि पुढे तो त्यांच्याच ताब्यात राहिला.

ह्याच मोहिमेत अमीरखानाचे काय झाले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या फौजेची लुटालूट पेंढाऱ्यांहून सौम्य होती, असे तिच्या तडाख्यात सापडलेल्या रयतेने म्हटले नसते. परंतु त्याने वेळीच कंपनीशी करार केला आणि तो टोंकचा नवाब झाला. चितू पेंढारी रानात परागंदा होऊन मेला. दोघांच्या धंद्यात असा कोणता फरक होता? लुटारू कोण आणि नवाब कोण, हे कृत्यावरून न ठरता करारावरून ठरले.

आता १८३६ सालाकडे वळू. ठगांच्या बंदोबस्तासाठी विल्यम स्लीमन यांच्या देखरेखीखाली स्वतंत्र खाते उभे राहिले होते. त्या खात्याच्या मार्गात मोठी अडचण होती ती मुलखाच्या सीमांची. खून एका संस्थानात, प्रेत दुसऱ्यात, आरोपीचे घर तिसऱ्यात आणि फिर्याद देणारा कोणीच नाही, अशी प्रकरणे असत. ती अडचण दूर करण्यासाठी १८३६ चा तिसावा कायदा आला. कोणीही मनुष्य, कायदा होण्यापूर्वी वा नंतर, कंपनीच्या मुलखात वा मुलखाबाहेर, ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध झाले तर त्यास जन्मठेप सक्तमजुरी, असा त्याचा आशय. कायद्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही. टोळीतील असणे पुरे झाले. कायदा होण्यापूर्वीचे वर्तनही शिक्षेस पात्र ठरले. दुसऱ्या राजाच्या मुलखातील वर्तन कंपनीच्या न्यायासनापुढे आले. आणि एवढे सगळे करून ‘ठग’ म्हणजे कोण, ह्याची व्याख्या त्या कायद्याने दिलीच नाही. ती पोकळी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांनी भरून काढली. ठगी म्हणून जे वर्णिले गेले ते कितपत खरे आणि कितपत खात्याच्या दप्तरात तयार झालेले, ह्यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. विहिरींतून आणि शेतांतून उकरून काढलेली हाडे काल्पनिक नव्हती, हे खरे. त्याबरोबरच हेही खरे की, ह्या एका कायद्यामुळे संस्थानिकांच्या न्यायाधिकाराला प्रथमच असे भोक पडले की ते पुढे बुजले नाही.

हे खातेही बंद झाले नाही. ठगी संपली तेव्हा ते दरोड्यांकडे वळले. दरोडे आटोक्यात आल्यावर, १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत, त्याच्याच जागी मध्यवर्ती गुन्हे अन्वेषण खाते स्थापन झाले, आणि राजकीय हालचालींवर पाळत ठेवणे हे त्याचे मुख्य काम होऊन बसले. सरकारी खात्याचा हा स्वभावच आहे. नेमून दिलेले काम संपले तरी खाते संपत नाही. ते दुसरे काम शोधते. वाटसरूच्या रक्षणासाठी निर्माण झालेले साधन सत्तर वर्षांच्या आत सत्तेच्या रक्षणासाठी वापरात आले.

मधल्या काळातील एक प्रसंग महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड मोडल्यावर ते निजामाच्या मुलखाकडे गेले आणि तेथे रोहिल्यांची फौज उभारण्याच्या खटपटीत होते. जुलै १८७९ मध्ये त्या वेळच्या कलादगी जिल्ह्यात, देवर नावदगी येथे, ते पकडले गेले. पकडणाऱ्यांत मेजर डॅनियल होते आणि त्यांच्याबरोबर हैदराबाद संस्थानच्या पोलिसांतील अधिकारी अब्दुल हक होते. निजामाचे फडक्यांशी काही वैर होते काय? फडक्यांचे बंड निजामाविरुद्ध नव्हतेच. परंतु इंग्रजांचा शत्रू तो आपला शत्रू, हे समीकरण तोवर दरबारांच्या अंगवळणी पडले होते. हद्दीची आडकाठी ह्या वेळी कोणालाच भासली नाही.

आता मी पुन्हा म्हैसूरकडे येतो. कारण माझ्या प्रतिपाद्याचा गाभा तेथे आहे. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब पडला. जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने वृत्तपत्रांतील चिथावणीविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी म्हैसूर संस्थानानेही वृत्तपत्रांचा कायदा केला. सरकारच्या परवानगीवाचून वृत्तपत्र काढता येऊ नये, आणि दिलेली परवानगी न्यायालयाची पायरी न चढता सरकारला काढून घेता यावी, अशी त्याची योजना होती. म्हैसूरमध्ये तेव्हा बाँब झाले नव्हते, कोणा अधिकाऱ्याचा खून पडला नव्हता. मग हा कायदा कशासाठी? संस्थानातील पत्रे टीका करीत होती ती दिवाणांच्या कारभारावर. दिवाण होते विश्वनाथ पाटणकर माधवराव. नावावरूनच कळेल की घराणे मूळचे मराठी. कर्तबगारीत ते उणे नव्हते. परंतु बाहेरच्या वादळाचे निमित्त साधून घरातील खिडक्या लावून घेण्याचा मोह त्यांच्या सरकारला आवरला नाही. म्हैसूरच्या वृत्तपत्रसृष्टीचे पितामह एम. वेंकटकृष्णय्या ह्यांनी निषेध म्हणून आपली पत्रे बंद केली. आणि त्याच बंगळूरचा छावणीचा भाग इंग्रजांच्या अंमलाखाली असल्यामुळे तेथे म्हैसूरचा कायदा चालत नव्हता. एकाच गावात अर्ध्या भागातील माणसास जे छापता येत होते ते दुसऱ्या अर्ध्यात छापण्यासाठी दरबारची परवानगी लागत होती!

लॉर्ड मिंटो यांनी राजद्रोहाच्या बंदोबस्तासंबंधी संस्थानिकांना पत्रे धाडून त्यांची मते मागविली ती त्यानंतर, ऑगस्ट १९०९ मध्ये. ३ नोव्हेंबरला उदेपूरच्या भाषणात त्यांनी संस्थानांच्या अंतर्गत कारभारात शक्यतो हात न घालण्याचे धोरणही जाहीर केले. पत्र आणि भाषण शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. राजद्रोह्यांचा बंदोबस्त तुम्ही करा. बाकीच्या कारभारात आम्ही डोळे मिटून घेऊ, असा त्या दोहोंचा एकत्रित अर्थ दरबारांनी घेतला असल्यास नवल नाही. ग्वाल्हेर दरबाराने ‘नवभारत’ संस्थेच्या तरुणांवर खास न्यायमंडळ नेमून खटले चालविले. सयाजीराव महाराजांनी ह्या कामी फारसा उत्साह दाखविला नाही, तर बडोद्यावर संशयाची नजर राहिली, आणि ज्या गंगनाथ विद्यालयात काकासाहेब कालेलकर शिकवीत होते ते सरकारी दडपणामुळे बंद करावे लागले. ह्या व्यवहाराचा मोबदला १९२२ मध्ये मिळाला. संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरविणाऱ्या ब्रिटिश हद्दीतील पत्रांना शिक्षा करणारे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळाने दाखल करून घेण्यासही नकार दिला. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात त्याचा कायदा केला. संस्थानिकांनी सम्राटाचे शत्रू आवरावेत आणि सम्राटाने संस्थानिकांचे टीकाकार आवरावेत, असा हा देवघेवीचा हिशेब. तो प्रजेच्या खाती मांडला गेला, आणि प्रजेला विचारले मात्र कोणीच नाही.

म्हणून मला असे वाटते की, मोठी सत्ता छोट्या राज्यावर धोरण लादते, एवढे म्हणून हा विषय संपत नाही. छोट्या राज्याचे कारभारी ते धोरण पुष्कळदा आनंदाने उचलतात. कारण बाहेरच्या धाकाचे नाव पुढे करून त्यांना घरातील अडचणीच्या माणसाचे तोंड बंद करता येते. ‘वरून आदेश आहेत’ ह्या तीन शब्दांत कारभाऱ्याची जबाबदारी विरघळून जाते. म्हैसूरच्या उदाहरणात तर विचारणा होण्याच्या आधीच उत्तर तयार होते.

हा सारा जुना इतिहास झाला, संस्थाने गेली, सम्राट गेला, असे कोणी म्हणेल. परंतु २८ सप्टेंबर २००१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १३७३ क्रमांकाचा ठराव केला. अमेरिकेवरील भीषण हल्ल्यांना तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. दहशतवादी कृत्ये आणि त्यांस पैसा पुरविणे हे गुन्हे ठरवावेत, आणि काय केले ते ९० दिवसांच्या आत कळवावे, असे त्याने सर्व राष्ट्रांस बजावले. दहशतवाद म्हणजे काय ह्याची व्याख्या मात्र त्या ठरावातही नव्हती. १८३६ च्या कायद्याची आठवण ज्याला येणार नाही असा इतिहासाचा वाचक विरळाच.

ज्या मॉरिशस बेटावर कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही मराठी सण साजरे करतात, तेथे ह्या ठरावाच्या पाठोपाठ दहशतवादविरोधी विधेयक आले. संशयितास वकिलाच्या भेटीवाचून ३६ तास कोठडीत ठेवण्याची तरतूद त्यात होती. राष्ट्राध्यक्ष कासम उतीम ह्यांना ते मान्य नव्हते. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी सही करण्याऐवजी पदाचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले अंगिडी चेट्टियार यांनीही काही दिवसांतच तोच मार्ग पत्करला. अखेर हंगामी अध्यक्ष म्हणून सरन्यायाधीशांनी सही केली आणि कायदा झाला. दोघांच्या त्यागाने कायदा थांबला नाही, हे खरे. परंतु हे कागद कोणाच्या इच्छेने लिहिले जात आहेत, हा प्रश्न त्यांनी सर्व देशासमोर मोठ्याने विचारला. आपल्या संस्थानांत असा प्रश्न विचारणारा दिवाण सापडणे कठीण.

आणि आता आपल्यालाही एका गोष्टीचा विचार करावयास हवा. ज्या देशाची संस्थाने एके काळी परक्याच्या पत्रांची उत्तरे लिहीत होती तो देश आज स्वतः मोठा शेजारी आहे. आसामातील आणि बंगालमधील सशस्त्र संघटनांचे तळ भूतानच्या रानात होते, आणि ते हलवावेत असा आग्रह भारत वर्षानुवर्षे धरीत होता. भारताची तक्रार रास्त होती. त्या तळांवरून येणाऱ्या माणसांनी येथे रक्त सांडले होते. भूतानने आधी त्या संघटनांशी बोलणी केली, राष्ट्रीय सभेत चर्चा केली, आणि बोलण्यांतून निष्पन्न होत नाही असे दिसल्यावर डिसेंबर २००३ मध्ये स्वतःच्या सैन्यानिशी कारवाई केली. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः रणभूमीवर होते. भारतीय सैन्याने आपल्या बाजूची सीमा रोखून धरली. शेजाऱ्याचे दडपण भूतानवर नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु आपल्या मुलखात कोणास, केव्हा आणि कोणाच्या हातून काढावयाचे, ह्याचा निर्णय त्या छोट्या देशाने आपल्या घरात घेतला.

पूर्णय्यांचा म्हैसूर आणि माधवरावांचा म्हैसूर यांत जो फरक आहे तो येथेच शोधावा लागेल. पहिल्यात भय खरे होते, आणि उपाय, कठोर असला तरी, त्या भयावर होता. दुसऱ्यात भय दूरच्या मुलखातील होते आणि उपाय घरच्या संपादकावर झाला. छोट्या राज्याला मोठ्या सत्तेचे म्हणणे पुष्कळदा ऐकावेच लागते. तेथे बाणेदारपणाची व्याख्याने फुकट जातात. तथापि ऐकतानाही तीन गोष्टी त्याला आपल्या हाती ठेवता येतात. ज्या भयाचा बंदोबस्त करावयाचा ते आपल्या प्रजेला खरोखर आहे काय, हे स्वतः तपासणे. ज्याला धरले त्याला आपल्या न्यायाधीशापुढे उभे करणे. आणि प्रसंग संपताच तो कायदा मागे घेणे. ह्यांतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, असे खात्यांचा इतिहास सांगतो. आनेकलहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर फासेगारांची भीती जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्या भीतीपोटी निर्माण झालेल्या अधिकारांचे वारस मात्र अजून आपल्या कायद्याच्या पुस्तकांत नांदत आहेत. त्यांतले आपल्या प्रजेच्या कामाचे किती आणि केवळ सवयीने राहिलेले किती, ह्याची मोजदाद करण्याचे काम प्रत्येक पिढीच्या राज्यकर्त्यांवर आणि नागरिकांवर येऊन पडते.